पुस्तक कुणाच्या नावावर?



आमच्या बचत गटातल्या एका ताईंचे मालक वारले. दोन महिन्यांनी गॅस संपला म्हणून त्या एजन्सीत गेल्या. खिडकीतून उत्तर आलं, "पुस्तक ज्यांच्या नावावर आहे, त्यांना पाठवा." ताई म्हणाल्या, "त्यांना आता कुठून आणू?" वीस वर्षं त्या शेगडीवर भाकरी ताईंनी थापली, पण कागदावर त्यांचं नाव कुठंच नव्हतं. त्या दिवशी आम्ही सगळ्याजणींनी आपापली गॅसची पुस्तकं आणि लाईट बिलं बाहेर काढली. आज त्याच कागदांचा इतिहास बघू.

आपल्या देशात गॅसचा सिलिंडर पहिल्यांदा आला १९५५ साली, मुंबईत. बर्मा शेल ही परदेशी कंपनी तो 'बर्शेन' नावानं विकायची. १९६५ साली इंडियन ऑइलचा इण्डेन आला. १९७६ मध्ये सरकारनं बर्मा शेल ताब्यात घेतली, तिची पुढं भारत पेट्रोलियम झाली. पण गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. तोवर होता स्टोव्ह, आणि रॉकेलची रांग.

त्या रांगेत उभी बाईच असायची. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, साखर, तेल, रॉकेल या त्यांच्या मागण्या. रांग बाईची, मोर्चा बाईचा, पण रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख मात्र पुरुष. घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख, असं कायद्यानं म्हटलं ते २०१३ साली, अन्नसुरक्षा कायद्यात.

विजेचंही तसंच. १९६० साली राज्याचं वीज मंडळ झालं. खांब गावोगाव पोचले आणि मीटर घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर बसला. २००५ साली मंडळाच्या कंपन्या केल्या. वीज तयार करायची महानिर्मितीनं, वाहून आणायची महापारेषणनं, घरात द्यायची महावितरणनं. आपण अजून 'बोर्डाचा वायरमन आला' असंच म्हणतो. बोर्ड जाऊन कंपनी आली, तरी कित्येक घरांत बिलावर सासऱ्यांचंच नाव आहे. सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली तरी.

मग १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली. गरीब घरातल्या बाईच्या नावावरच जोडणी, हा तिचा नियम. ही मोठी गोष्ट झाली. पण पुस्तक नावावर झालं म्हणून टाकी भरत नाही. पैशाची ओढाताण झाली की मागच्या दारी चूल पुन्हा पेटते, हे आपल्याला सांगायला नको.

आता सगळा कारभार फोनवर आला. नंबर लावायचा फोनवर, अनुदान जमा झाल्याचा मेसेज फोनवर, टाकी घेताना सांगायचा कोडही फोनवर. तो फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा मुंबईला, आणि गाडी दारात उभी, असं आमच्या गटात तिघींच्या बाबतीत झालं.

गॅस देणाऱ्यांची नावं बदलली, वीज देणाऱ्यांचीही बदलली. घेणाऱ्याचं नाव बदलायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागणार.

त्या ताईंनी ते केलं. मृत्यूचा दाखला, मुलांचं संमतीपत्र, स्वतःचं ओळखपत्र घेऊन तीन हेलपाटे घातले. आज पुस्तक त्यांच्या नावावर आहे.

तर मैत्रिणींनो, आज रात्री भांडी आवरली की एवढं करा. गॅसचं पुस्तक आणि लाईट बिल काढा. नाव कुणाचं आहे, फोन नंबर कुणाचा आहे, ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून वाचून घ्या. बदलायचं असेल तर माणूस हयात असताना बदलणं सोपं जातं.

पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू. नमस्कार.