काळा कुत्रा आणि खेळाचा नियम

सातपुड्याच्या दक्षिणेस, नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्णा आणि नागपूर-छिंदवाडा वाटेवर सौसर अशी दोन गावे आहेत. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि ही गावे मध्य प्रदेशात राहिली. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निघाला, तो याच दोन तालुक्यांचा. सरकारी कागद हिंदीत असले, तरी येथील अनेक घरांत मराठी बोलली जाते आणि सणवारही मराठी वळणाचे आहेत.

लोककथेचा खेळ कसा होतो, हे या मुलखात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिसते. त्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दोन्ही बाजूंनी गोटे सुटतात आणि झेंडा हाती येईपर्यंत ही ‘गोटमार’ चालते. तिच्यामागची कथा सर्वांच्या तोंडी आहे. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला, नदीच्या मध्यावर दोघे दगडांच्या वर्षावात सापडली आणि प्राणांस मुकली. कथेचा सूर शोकाचा आहे. खेळात मात्र दोन पक्ष, एक सीमा, एक झेंडा आणि दगड एवढेच उरले. शोकासाठी नियमांत जागा नव्हती, म्हणून तो गळून पडला. या खेळात आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्याचा प्रशासनाचा प्रयत्नही फसला.

कथेतून नियम तेवढा उचलला जावा आणि कारण मागे राहावे, हा प्रकार केवळ जाम नदीच्या काठी घडला आहे असे नाही. गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरलेल्या एका निराळ्या खेळात तो काळ्या कुत्र्याच्या वाट्याला आला.

इंग्लंडच्या पूर्व भागात काळ्या कुत्र्याच्या कथा फार जुन्या आहेत. ४ ऑगस्ट १५७७ रोजी, रविवारी, बंगे या गावच्या चर्चमध्ये उपासना चालू असता भयंकर वादळ झाले. त्या काळोखात एक काळा कुत्रा भक्तांमधून धावत गेला व त्याच्या स्पर्शाने गुडघे टेकलेली दोन माणसे जागीच मेली, असे अब्राहम फ्लेमिंग याने त्याच वर्षी छापलेल्या पुस्तिकेत लिहिले. त्याच दिवशी जवळच्या ब्लायबर्ग येथेही हे श्वापद दिसल्याचे त्यात म्हटले आहे. तेथील चर्चच्या दारावरील जळके डाग त्याच्या पंजांचे म्हणून आजही दाखवतात. वीज पडली असावी, हा तर्क सरळ आहे. परंतु मरण का आले, हे पुसणाऱ्या लोकांना विजेपेक्षा कुत्रा अधिक समजण्यासारखा वाटला.

तथापि इंग्लंडातील प्रत्येक काळा कुत्रा घातकी नव्हता. एथेल रडकिन या संशोधक बाईंनी लिंकनशायरमधील अशा कथा गोळा करून १९३८ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतील कुत्रा बहुधा निरुपद्रवी आहे. रात्री एकट्या जाणाऱ्या स्त्रीला तो सोबतही करतो. काही ठिकाणी चर्चच्या आवारातील मृतांची राखण काळा कुत्रा करतो, अशी समजूत होती. डेव्हनमधील ‘येथ’ कुत्र्यांची कथा सर्वांत करुण आहे. माळरानावर रात्री विव्हळत धावणारी ही मस्तकहीन कुत्री म्हणजे बाप्तिस्मा होण्यापूर्वीच मरण पावलेल्या बालकांचे आत्मे, असे लोक मानीत. ज्या आईचे मूल असे गेले, तिला तो आवाज कसा ऐकू येत असेल, याची कल्पना करावी म्हणजे या कथेचे वजन कळते.

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याला सोंगट्यांचा पट आवश्यक नाही. चारपाच जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशी सोंगे घेऊन आपण काय करणार ते बोलतात आणि यशापयश फाशांवर ठरते. फासेही चार, आठ, बारा, वीस अशा निरनिराळ्या पृष्ठांचे असतात. आपल्या दशावतारातील नट आयत्या वेळी संवाद रचतात, तशातलाच हा प्रकार. भेद एवढाच की येथे प्रेक्षक नसतो आणि शेवट आधी ठरलेला नसतो.

अशा खेळाला शत्रू लागतात. म्हणून १९७७ मध्ये राक्षस-श्वापदांचा एक कोशच निघाला. प्रत्येक प्राण्यापुढे त्याची चाल, त्याचे चिलखत, तो किती घाव सोसतो आणि किती घाव घालतो, हे आकड्यांनी दिलेले आहे. त्यात नरकातील कुत्रा आला, तो तांबूस अंगाचा, काजळी दातांचा आणि तोंडातून ज्वाळा सोडणारा. १९८३ च्या दुसऱ्या कोशात ‘येथ’ कुत्राही आला. त्याच्या विव्हळण्याने ऐकणारा भयाने पळत सुटतो, हा नियम झाला. विव्हळणे राहिले, ज्या बालकांसाठी ते होते ती मात्र नाहीशी झाली.

१९७७ च्या त्याच कोशात आपल्याकडचा ‘राक्षस’ही आहे. चित्रात त्याचे डोके वाघाचे आहे आणि त्याच्यापाशी धूम्रपानाची नळी आहे. धर्मगुरूने आशीर्वाद दिलेला आडव्या धनुष्याचा बाण लागला की तो तत्काळ मरतो. ही युक्ती रामायणातली नव्हे. १९७४ मधील एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या भागातून ती आली. विद्वान, तपस्वी आणि तरीही अहंकाराने नष्ट झालेला रावण ज्या वाचकाला ठाऊक आहे, त्याला हा राक्षस ओळखू यावयाचा नाही.

यावर कोणी म्हणेल की खेळ तो खेळ. कथा सांगणाऱ्या आजीनेही तिच्यात बदल केलेच असतील. हे खरे आहे. परंतु आजी बदल करी तेव्हा भीती कशासाठी घालावयाची, हे तिला ठाऊक असे. कोश आकडे देतो, आणि आकडा कारण विचारू देत नाही.

मग आपल्या परंपरेतील काळा कुत्रा या खेळात आणावयाचा झाला, तर त्याच्याबरोबर काय यावे? वैदिक वाङ्मयात यमाचे दोन कुत्रे आहेत, श्याम आणि शबल. एक काळा, दुसरा ठिपकेदार. ते मृताच्या वाटेची राखण करतात. त्यांचा वध करा, असे कोणी सांगत नाही. त्यांच्या नावाने अन्नाचा बळी ठेवण्याचा विधी मात्र आहे. कालभैरवाचे वाहन कुत्रा. त्याच्या नावाने काळ्या कुत्र्याला खाऊ घालण्याची रीत महाराष्ट्रापासून उज्जयिनीपर्यंत आढळते. खंडोबाच्या टाकांवर घोड्यासोबत कुत्रा असतो, आणि चंपाषष्ठीला वाघे कोटंब्यातला प्रसाद कुत्र्याप्रमाणे खातात. भक्त स्वतःच देवाचा कुत्रा होतो, यात त्याला कमीपणा वाटत नाही. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिरामागून हिमालय चढणाऱ्या कुत्र्याचा रंग सांगितलेला नाही. पण त्याला सोडून स्वर्गात येण्यास युधिष्ठिराने नकार दिला आणि तो कुत्रा प्रत्यक्ष धर्म निघाला.

या सर्व कथांत एक धागा समान आहे. कुत्रा सीमेवर बसलेला आहे, आणि त्याच्याशी माणूस कसा वागतो यावर वाट उघडते किंवा मिटते. तेव्हा नियमही तसाच करावा. खेळातील प्रवासी रात्री गावाच्या वेशीवर येतात. तेथे एक काळा कुत्रा बसलेला असतो. कोणी तलवार उपसली, तर पहिल्याच्या मागून दुसरा, ठिपकेदार, उठतो. घाव घालावा तितकी वाट लांबते. कोणी आपल्या शिदोरीतली भाकरी तोडून पुढे ठेवली, तर तो उठून पुढे चालू लागतो. मात्र जखमी सोबत्याला मागे टाकून कोणी वेस ओलांडू पाहील, तर भाकरी देऊनही वाट मिळू नये. या नियमाने भीती कमी होत नाही, उलट वाढते. कारण येथे फासा टाकून सुटका नाही, निवड करावी लागते.

कागदावरच्या खेळाला हे साधणे सोपे आहे. तेथे चुकलेला नियम खोडता येतो आणि पुढच्या बैठकीला नवा लिहिता येतो. जाम नदीच्या पात्रात दगड पडल्यावर तशी सोय नाही. म्हणून लोककथेवरून नवा खेळ रचणाऱ्याने आधी त्या कथेतील माणसे कशाला भीत होती आणि कोणासाठी रडत होती, ते विचारून घ्यावे, आणि मग आकडे मांडावेत. वेशीवरच्या कुत्र्यापुढे तो किती घाव सोसतो हा रकाना कोरा राहिला, तरी चालेल.