घाट चढून वर या

वहाणा घट्ट बांधा आणि या. पाऊस नुकताच सरलाय, आश्विनाचं ऊन मानेला डसतंय आणि तुम्ही लमाणांच्या तांड्याबरोबर बीडच्या वेशीबाहेर उभे आहात. अंमल निजामाचा. आगगाडी अजून कुणी पाहिलेली नाही. पुढे बैलांची न संपणारी रांग, पाठीवर मिठाच्या गोण्या, गळ्यात घुंगरमाळा. कान बधिर होतात. धुळीला शेणाचा, घामाचा, ओल्या तागाचा वास आहे.

खांद्याला छागल अडकवा. बीडची ही कातडी पिशवी दूरवर नावाजलेली. एक घोट घ्या. पाण्याला चामड्याची चव आहे, पण काय गार लागतं!

करोडगिरीच्या नाक्यावर सगळे तुंबतात. सांभाळा, शिंग बरगडीत घुसेल. कारकून बोरू शाईत बुडवून विचारतो, "कुठं निघालात?"

"घाटावर," तांड्याचा नायक सांगतो.

कारकून फारसीत लिहितो, बालाघाट. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. ज्या गंगथडीतून तुम्ही आलात, ती त्याच्या दप्तरात पाईनघाट, म्हणजे घाटाखालची. वऱ्हाडात आणि कर्नाटकातही दरबारी लेखणीनं मुलूख असाच वर-खाली वाटला. इथं ते नाव पुढे अख्ख्या डोंगररांगेला चिकटलं. त्यात 'घाट' जसाच्या तसा राहिला आणि त्याला मागून 'बाला' येऊन मिळाला. चढणाऱ्यांच्या तोंडचा शब्द दप्तरालाही टाकता आला नाही, म्हणून मला हे नाव फार आवडतं.

चला, मांजरसुंब्याचा चढ लागला. काळा दगड तापलाय, तळव्यांतून आच वर येते. दम लागला तर बैलाचं शेपूट धरा, तो ओढून नेईल. दोन्ही अंगांना सीताफळाची झुडपं. पिकून फुटलेल्या फळांवर माश्या घोंगावतात आणि त्या गोड वासानं भूक खवळते. मागून बायका हसत येताहेत, घागऱ्यांवरच्या आरशांची तिरीप तुमच्या डोळ्यांत.

माथा! वारा अंगावर येतो, भिजलेली बंडी गार पडते. पलीकडच्या रानात ज्वारीची पेरणी चाललीय. तिफण हाकणारा शेतकरी ओरडतो, "आलात का घाटावर?"

'बाला' त्याच्या गावीही नाही. तुम्ही नुसते "आलो!" म्हणा आणि गोण्या उतरवायला हात लावा. मग भाकरी, ठेचा नि बुक्कीनं फोडलेला कांदा.