बीज शेवटी पेरायचं

आपल्याकडे कथानकाचं नाव काढलं की साहित्यिक मंडळी जरा नाक मुरडतात. त्याचं खापर बहुधा ना. सी. फडक्यांवर फुटतं. 1931 साली त्यांचं लेखनतंत्रावरचं 'प्रतिभासाधन' आलं, पुढे नवकथेनं त्या तंत्राविरुद्ध बंड केलं आणि 'तंत्र' हा शब्द जवळजवळ शिवी होऊन बसला. बंड रास्तच होतं. पण सुक्याबरोबर ओलंही जळलं. 'कोसला'ला (1963) कथानकच नाही, असं आजही ऐकू येतं. त्यातला नायक पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू काढून बघा. त्याचं सांगवीला, आपल्या गावी, परतणं तेच राहतं का? राहत नसेल, तर तिथं कथानक आहे.

या विषयात नव्यानं येणाऱ्यानं सुरुवात 'नाट्यशास्त्रा'पासून करावी, असं मी सुचवेन. भरतानं इतिवृत्ताला नाट्याचं शरीर म्हटलं आणि त्याच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या : बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य. पताका म्हणजे लांबवर सोबत चालणारं उपकथानक, रामकथेतल्या सुग्रीवाचं असतं तसं. प्रकरी म्हणजे जटायूसारखी येऊन जाणारी हकीकत. मला सगळ्यांत कामाचा वाटतो तो बिंदू. आडवाटांवर मूळ धागा तुटला की तो पुन्हा जोडणारा. कादंबरीचा मधला भाग ढिला पडतो तो बहुतेक वेळा बिंदू हरवल्यानं. (लेखकाला वाटतं घटना कमी पडल्या, आणि तो तिथं हमखास एक अपघात घालतो.)

मात्र पहिला खर्डा लिहिताना ही परिभाषा दूर ठेवावी. तेव्हा 'पुढं काय?' एवढा प्रश्न पुरतो. पुनर्लेखनात प्रश्न उलटतो : हे कशामुळे घडलं? शेवटापासून मागं वाचत यावं. जिथं उत्तर सापडत नाही, तिथं पेरणी राहून गेलेली असते. पीक उभं राहिल्यावर बी पेरायची ही सोय शेतकऱ्याला नाही, लेखकाला आहे.

तीही प्रत्येकाला मिळाली नाही. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मधून क्रमशः आली. छापून गेलेलं प्रकरण परत बोलावता येत नाही. डिकन्स हप्त्यांसाठी टिपणं काढून ठेवी. तरीही 1861 साली कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सांगण्यावरून त्यानं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट छपाईआधी बदलला. मूळ शेवटात पिप आणि एस्टेला दुरावलेलेच राहतात. मला तोच पटतो. दोन्ही शेवट आज छापील आवृत्त्यांत मिळतात; ते शेजारीशेजारी ठेवून वाचावेत आणि मगच पुढचं प्रकरण उघडावं.