१५ एप्रिलची रेघ

नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी आकाराने जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढी आहे. माणसं मात्र साडेपाच हजारांच्या आसपास. वाळूच्या टेकड्या, त्यावर गवत, आणि गवतावर मांसासाठी पाळलेल्या गाई. अशा गाई अमेरिकेतल्या इतर कुठल्याही काउंटीत एवढ्या नाहीत. करोनाकाळातल्या सरकारी मदतीचा विचार करताना मी हीच काउंटी डोळ्यांसमोर ठेवते, कारण देशाचा एकूण आकडा बघून फारसं काही कळत नाही. २०२० मध्ये अमेरिकी शेतकऱ्यांना साडेचार हजार कोटी डॉलरच्या वर थेट सरकारी पैसा मिळाला. बरं, मग?

१७ एप्रिल २०२० ला कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी १,९०० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले १,६०० कोटी थेट शेतकऱ्यांना. पण हा पैसा दोन वेगळ्या थैल्यांतून येणार होता, आणि सगळी गंमत तिथेच आहे. पहिली थैली मार्चमध्ये काँग्रेसने मंजूर केलेल्या मदत कायद्याची. ती १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या जनावरांसाठी. दुसरी १९३३ साली स्थापन झालेल्या कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनची. ती १६ एप्रिलनंतर गोठ्यात, म्हणजे खरं तर कुरणात, उरलेल्या जनावरांसाठी.

आता हिशोब करून बघा. दोन शेजारी आहेत असं समजा. दोघांकडे सहाशे पौंडांवरची ३०० वासरं. एकाने १० एप्रिलला विकली: दर १३९ डॉलर, मिळाले ४१,७०० डॉलर. दुसऱ्याने २० एप्रिलला विकली: दर ३३ डॉलर, मिळाले ९,९०० डॉलर. आणि मोठमोठे कत्तलखाने कामगार आजारी पडल्याने बंद पडले ते मुख्यतः एप्रिलच्या उत्तरार्धात! म्हणजे संकट वाढत गेलं आणि दर घसरला. यात कुणाचा डाव होता असं मला वाटत नाही. कायदा झालेल्या नुकसानीची भरपाई करत होता, होणाऱ्या नुकसानीचा अंदाज दुसरी थैली बांधत होती. पण शेजाऱ्याला हे कसं पटवणार?

अर्ज काउंटीच्या कृषी कचेरीत करायचा, जनावरांची संख्या स्वतःच लिहून द्यायची. तपासणी काही निवडक अर्जांचीच. ही स्थानिक यंत्रणाही १९३० च्या दशकातली. तेव्हा दक्षिणेत कापसाचं क्षेत्र कमी करण्याचे चेक जमीनमालकाच्या हाती पडले आणि कित्येक कुळांना जमीन सोडावी लागली. २०२० च्या योजनेतही भावाची जोखीम ज्याची, त्यालाच पैसे. त्यामुळे कंपनीची डुकरं-कोंबड्या करारावर वाढवणारे सुरुवातीला बाहेरच राहिले. पैसा 'शेतकऱ्याला' मिळाला असं वाचलं की मी आधी विचारते, कागदावर शेतकरी कोण?

आपल्या दुसऱ्या शेजाऱ्याचं पुढे काय झालं? सप्टेंबरमध्ये दुसरी फेरी आली, दर जनावरामागे ५५ डॉलर. पैदाशीच्या गाई वगळून. मार्च २०२१ मध्ये त्याच्या वजनगटाला आणखी साडेपंचवीस डॉलर जाहीर झाले. त्या ३०० वासरांपुरती बेरीज ३४,०५० होते. फरक बराच भरून निघाला, पण जवळजवळ वर्षभराने. आणि त्या वर्षभरात बँकेचा हप्ता, चारा, कुंपणाची तार यातलं काहीच थांबलं नव्हतं.