दगड पाहावयास शिकविणारा गुरू

देवणीच्या भागात विहीर खणणाऱ्यास काळा कठीण पाषाण आणि मधूनच लागणारा भोकाभोकांचा खडक चांगला परिचयाचा असतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून हा प्रदेश बनला. रस निवताना त्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांची ती भोके होत. चंद्रावरील काळे डाग म्हणजेही अशाच बेसाल्टची मैदाने. तेव्हा चंद्रावर जाणाऱ्यांना दगड पाहावयास कोणी शिकविले, हा प्रश्न आपणांस परका वाटू नये.

या शिक्षकांत लिऑन सिल्व्हर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९२५ साली जन्मलेले सिल्व्हर कॅलिफोर्नियात प्राध्यापक होते. युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून खडकाचे वय काढणे हा त्यांचा विषय. अंतराळवीर बहुतेक वैमानिक. वर्गातील खनिजांच्या जंत्रीने ते कंटाळले होते. तेव्हा सिल्व्हर यांचे जुने विद्यार्थी हॅरिसन श्मिट यांनी आपल्या गुरूंना गळ घातली. १९६९ च्या सप्टेंबरात सिल्व्हर चौघा वीरांना वाळवंटातील ओरोकोपिया डोंगरात घेऊन गेले.

त्यांची रीत साधी होती. आधी सबंध डोंगर न्याहाळावयाचा, मग जवळ जाऊन दगड निवडावयाचा. आणि जे दिसले ते, जागा न पाहिलेल्या माणसास चित्र काढता येईल, अशा शब्दांत सांगावयाचे. दगड कोठे, कशाशेजारी पडला होता हे ठाऊक नसेल, तर त्याची अर्धी साक्ष बुडाली, हे त्यामागील तत्त्व.

या शिकवणीची खरी कसोटी १९७१ साली अपोलो १५ च्या मोहिमेत लागली. चंद्रावर वेळ मिनिटामिनिटाने मोजलेला. ३१ जुलै रोजी डेव्हिड स्कॉट यांना वाटेत एक काळा, भोकाभोकांचा दगड दिसला. थांबण्यास परवानगी मिळणार नाही हे ओळखून त्यांनी आसनाचा पट्टा आवळण्याचे निमित्त सांगितले आणि तो उचलला. दुसऱ्या दिवशी स्कॉट व जेम्स आयर्विन यांना पांढुरका अनॉर्थोसाइट सापडला. चार अब्ज वर्षांहून जुना असा हा दगड चंद्राच्या आद्य कवचाचा तुकडा मानला जातो. हजारो दगडांतून तो नेमका ओळखणे हे नुसत्या दैवाचे काम नव्हते.

सिल्व्हर स्वतः चंद्रावर गेले नाहीत. २०२२ साली ९६ व्या वर्षी ते निवर्तले. पण १९७२ च्या डिसेंबरात त्यांचे शिष्य श्मिट चंद्रावर उतरले. तेथे पाऊल ठेवणारे ते पहिले भूशास्त्रज्ञ. शिष्याच्या डोळ्यांनी गुरू पाहतो तो असा.