जागा चुकलेल्या ग्रंथीचा शोध

गर्भावस्थेत थायरॉइड, म्हणजेच अवटु ग्रंथी, जिभेच्या मुळाशी उगम पावते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास खाली सरकत श्वासनलिकेसमोर स्थिरावते; हा प्रवास अडला तर ती अस्थानी राहते, आणि अशा ग्रंथींपैकी सुमारे 90 टक्के जिभेच्या बुडाशीच आढळतात. हिकमन यांनी 1869 मध्ये लंडनमध्ये नोंदवलेले असे बालक जन्मानंतर 16 तासांत गुदमरून दगावले होते.

मोठ्या वयात मात्र ही ग्रंथी साध्या गाठीसारखी दिसे, आणि शल्यचिकित्सकाची खरी अडचण तेथेच होती. कारण बहुसंख्य रुग्णांत शरीरातील थायरॉइड तेवढीच असते, आणि ती संपूर्ण काढल्यास अंगावर सूज व बुद्धीला मांद्य येते, हे थिओडोर कोखर यांनी 1883 मध्येच दाखवून दिले होते. गळ्यात दुसरी ग्रंथी आहे की नाही, हे बोटांनी चाचपून खात्रीने सांगता येत नसे.

थायरॉइड आयोडीन शोषून घेते, या गुणानेच पुढे वाट दाखवली. 1938 मध्ये बर्कलीत लिव्हिंगूड व सीबॉर्ग यांनी आयोडीन-131 शोधले; त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, आठ दिवसांचे असल्याने ते रुग्णाला पाजून मोजमाप करण्यास पुरेसा अवधी मिळू लागला. 1950 च्या सुमारास बेनेडिक्ट कॅसन यांनी बनवलेल्या यंत्रात किरण टिपणारा स्फटिक मागावरच्या धोट्यासारखा शरीरावरून येरझाऱ्या घाली आणि कागदावर ठिपक्यांतून ग्रंथीची आकृती उमटे. या चित्रात जिभेशी दाटलेल्या ठिपक्यांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व गळ्यातील कोऱ्या जागेला होते.

त्यानंतर हॅल अँगर यांचा गॅमा कॅमेरा आला, आणि 1964 पासून सहा तास अर्धायुष्याचे टेक्नेशियम-99एम वापरात आले. ते लाळग्रंथींतही साचत असल्याने तोंडातील प्रत्येक उजळ डाग थायरॉइडचा मानता येत नाही, एवढे पथ्य पाळावे लागते. मुंबईत परळ येथे 1963 मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले आणि अणुवैद्यकाला महाराष्ट्रात हक्काचे घर मिळाले.

1975 मध्ये क्वेबेकमधील नवजात बालकांच्या थायरॉइडसाठीच्या रक्तचाचणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, तेव्हापासून अस्थानी ग्रंथी लक्षणे दिसण्याआधीच उघडकीस येऊ लागली. श्वास किंवा घास अडत नसेल, तर आता ती सहसा कापत नाहीत, थायरॉक्सिन या थायरॉइडच्याच संप्रेरकाची रोजची गोळी देतात.