अश्वत्थामा तेल का मागतो?

शहाद्याहून तोरणमाळला निघालात की वाटेत म्हसावद लागतं आणि पुढे सातपुडा सुरू होतो. याच डोंगररांगेत, धडगाव तालुक्यात, १३२५ मीटर उंचीचं अस्तंभा शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून तरुणांचे जथे तिकडे चालत निघतात. ज्याच्या दर्शनाला जायचं तो धड देव नाही, शिक्षा झालेला माणूस आहे. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा या डोंगरात फिरतो, तिच्यासाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाटही दाखवतो, असं इथली माणसं सांगतात.

ग्रीकांचे शापित नेमके उलट ठिकाणी सापडतात. इ.स.पू. ७०० च्या आसपासचा कवी हेसिअड सांगतो की झ्यूस आणि टायटन दहा वर्षं लढले. हरलेल्या टायटनांना टार्टारसमध्ये कोंडलं. ही जागा किती खोल? पृथ्वीवरून काशाची ऐरण सोडली, तर ती नऊ दिवस नऊ रात्री पडत राहील आणि दहाव्या दिवशी तळाला पोचेल! होमरच्या पाताळात टँटलस हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे. प्यायला वाकला की पाणी आटतं. ओडिसिअस त्याला पाहतो, पण ओंजळभर पाणी कुणी देऊ शकत नाही. शिक्षा तीच आहे.

अश्वत्थाम्याचा गुन्हा लहान नाही. सौप्तिक पर्वात तो रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो आणि द्रौपदीची पाचही मुलं मारतो. पुढे अस्त्र मागे घेता येत नाही म्हणून ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर सोडतो. कृष्णाचा शाप असा : तीन हजार वर्षं एकटा भटकशील, अंगाला रक्तापुवाची दुर्गंधी येईल, बोलायला कुणी मिळणार नाही.

आता जरा हिशेब करू. परंपरेनं कलियुगाची सुरुवात इ.स.पू. ३१०२ मध्ये धरली जाते आणि युद्ध त्याच्याही आधीचं. म्हणजे शिक्षा संपून दोन हजारांवर वर्षं झाली. सातपुड्यात कुणी त्याला सुटीचा कागद दिलेला दिसत नाही.

पण तेलाचं काय? महाभारतातल्या शापात तेल नाही. 'बोलायला कुणी मिळणार नाही' हे कलम लोकांनीच मोडलेलं आहे. तो मागतो आणि ऐकणारं कुणीतरी असतं. मला यात त्याचं बालपणही दिसतं. द्रोणाच्या घरी दूध नव्हतं, तेव्हा इतर पोरांनी पाण्यात पीठ कालवून त्याला दूध म्हणून पाजलं आणि तो आनंदानं नाचला. त्या पोराला टँटलससारखं कोरडं ठेवणं लोकांना जमलं नसावं.

माफी मात्र कुणी दिलेली नाही. जखम भळभळतेच आहे.

ती जखम कुठून आली, हेही पाहण्यासारखं आहे. महाभारतात तो डोक्यावरचा मणी स्वतः काढून देतो. भागवतात अर्जुन त्याला बांधून द्रौपदीसमोर आणतो. पाच मुलं गमावलेली ती बाई म्हणते, सोडा त्याला. त्याच्या आईनं, कृपीनं, माझ्यासारखं रडू नये. भीमाला तो मेलेलाच हवा असतो. शेवटी अर्जुन तलवारीनं केसांसकट मणी कापून घेतो आणि त्याला छावणीबाहेर हाकलतो. अस्तंभ्याला तेल लागतं ते त्या घावासाठी.